किती भ्रूण सोडायचे?

आयव्हीएफमध्ये ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या, दिवशी संमतिपत्रावर सही करण्याआधी नवरा-बायको प्रयोगशाळेतल्या आम्हा लोकांना हमखास एक प्रश्न विचारतात: किती सोडणार? भ्रूणशास्त्राच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर या प्रश्नामागची अपेक्षा मला पाठ झाली आहे. ‘एक’ ऐकलं की चेहरे उतरतात, ‘दोन’ म्हटलं की धीर येतो, आणि आणखी भ्रूण शिल्लक असतील तर ‘मग तीनच सोडा ना’ असा आग्रह होतो. यात नवल काही नाही. दहा-बारा दिवस इंजेक्शनं टोचून घेतलेली असतात, भूल देऊन बीजं काढलेली असतात, सोनं गहाण पडलेलं असतं किंवा पतसंस्थेचं कर्ज डोक्यावर असतं, आणि घरातली मोठी माणसं निकालाकडे डोळे लावून बसलेली असतात. अशा वेळी जास्त भ्रूण म्हणजे जास्त आशा, असं कुणालाही वाटेल. तरीही बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल आणि भ्रूण चांगल्या प्रतीचे असतील, तर गर्भाशयात एका वेळी एकच भ्रूण सोडावा आणि बाकीचे गोठवून ठेवावेत, असं मी ठामपणे म्हणते. आपला घोटाळा होतो तो मोजणीत. एका ट्रान्सफरमागे किती जणींना दिवस गेले, हे आपण मोजतो. मोजायला हवं ते असं: एकदा बीजं काढल्यावर त्यांतून तयार झालेले सगळे भ्रूण वापरून होईपर्यंत किती घरांत पूर्ण दिवसांचं, धडधाकट बाळ आलं. मोजणी अशी बदलली की ‘किती सोडायचे’ याचं उत्तरही बदलतं.

एकाहून जास्त भ्रूण सोडण्याची रीत आली ती तंत्राच्या दुबळेपणातून. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅम इथे जन्मलेली पहिली टेस्ट-ट्यूब बेबी लुईस ब्राउन ही एकाच बीजाची आणि एकाच भ्रूणाची मुलगी. पॅट्रिक स्टेप्टो, रॉबर्ट एडवर्ड्स आणि जीन पर्डी यांनी तिच्या आईच्या नैसर्गिक चक्रात आलेलं एकच बीज काढलं आणि त्यापासून झालेला आठ पेशींचा भ्रूण परत ठेवला. पुढे उत्तेजक औषधांमुळे एका चक्रात आठ-दहा बीजं मिळू लागली, पण भ्रूण वाढवण्याची द्रावणं बेताची होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापुढे भ्रूण शरीराबाहेर टिकवणं कठीण जाई, चार पेशींच्या भ्रूणाकडे पाहून कोणता रुजेल हे सांगता येत नसे, आणि गोठवलेल्या भ्रूणांपैकी बरेच वितळवताना मरत. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून हर्षा या टेस्ट-ट्यूब बेबीचा जन्म झाला, त्या सुमारास एकेका भ्रूणाकडून कुणालाच फारशी अपेक्षा ठेवता येत नव्हती. म्हणून तीन-चार भ्रूण एकदम ठेवणं तेव्हा समंजसपणाचंच होतं. आज परिस्थिती तशी नाही. भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत, म्हणजे ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत वाढवता येतो. बाळ ज्यापासून घडणार तो पेशींचा पुंजका आणि वार ज्यापासून बनणार ते बाहेरचं आवरण वेगवेगळं तपासून प्रत ठरवता येते. जे तिसऱ्या दिवशी छान दिसतात पण पुढे वाढत नाहीत, ते आपोआप गळतात. आणि अतिजलद गोठवण्याच्या पद्धतीमुळे, म्हणजे व्हिट्रिफिकेशनमुळे, चांगल्या प्रयोगशाळेत शंभरातले नव्वद-पंच्याण्णव भ्रूण वितळवल्यावर जिवंत असतात. कारणं संपली तरी सवय मात्र राहून गेली.

हिशेब कागदावर मांडून पाहू. समजा, एका बाईचे दोन चांगले ब्लास्टोसिस्ट आहेत आणि प्रत्येक रुजण्याची शक्यता ४० टक्के आहे. हा आकडा मी केवळ हिशेबापुरता धरते. वय आणि प्रत यांनुसार तो बदलेल. अशा शंभर बायकांना दोन्ही भ्रूण एकदम सोडले तर ३६ जणींमध्ये एकही रुजणार नाही, ४८ जणींमध्ये एक रुजेल आणि १६ जणींमध्ये दोन्ही. म्हणजे ६४ जणींना दिवस गेले, पण त्यांतल्या दर चारजणींमागे एकीला जुळं. आता तेच दोन भ्रूण एकामागून एक सोडू. पहिल्या वेळी ४० जणींना दिवस जातील. उरलेल्या ६० जणी दुसऱ्या वेळी गोठवलेला भ्रूण घेऊन येतील आणि त्यांतल्या २४ जणींना दिवस जातील. बेरीज तीच, ६४. गोठवण्यात शंभरातले पाच भ्रूण गेले असं धरलं, तरी बेरीज ६३ च्या आसपास येते. फरक एकाचा, आणि त्या बदल्यात सोळा जुळी गर्भारपणं टळली. शिवाय ज्या चाळीस जणींना पहिल्याच वेळी दिवस गेले, त्यांचा दुसरा भ्रूण अजून नायट्रोजनच्या टाकीत शाबूत आहे. दोन-तीन वर्षांनी भावंड हवं असेल तर पुन्हा इंजेक्शनं नकोत, पुन्हा भूल नको. तीन भ्रूण एकदम सोडले तर ७८ जणींना दिवस जातील, हे खरं. पण त्यांतल्या सुमारे २९ जणींच्या पोटात जुळं आणि सहाजणींच्या पोटात तिळं असेल. म्हणजे गर्भार राहिलेल्या जवळजवळ निम्म्या बायका धोक्याच्या गर्भारपणात गेल्या. एकाच बाईच्या दोन भ्रूणांचं भवितव्य एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतं, गर्भाशय तेच असतं, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो बरोबर आहे. पण हा संबंध धरला की दोन्ही रीतींतली एकूण बेरीज सारखीच खाली येते आणि एकदम सोडण्यातलं जुळ्यांचं प्रमाण उलट वाढतं. ज्या बाईचं गर्भाशय एका भ्रूणाला अनुकूल असतं, ते दुसऱ्यालाही असतं.

कागदावरचा हा हिशेब चाचण्यांमध्येही खरा ठरला आहे. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्कँडिनेव्हियातली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात ३६ वर्षांखालच्या ६६१ बायका होत्या. एका गटाला दोन भ्रूण एकदम दिले. दुसऱ्या गटाला एक ताजा भ्रूण आणि तो न रुजल्यास एक गोठवलेला. पहिल्या गटात ४२.९ टक्के जणींना मूल झालं, दुसऱ्यात ३८.८ टक्के. म्हणजे चार टक्क्यांचं अंतर होतं, आणि तेही जुन्या, संथ गोठवण्याच्या काळात. जन्मांमध्ये एकाहून अधिक बाळांचं प्रमाण मात्र पहिल्या गटात ३३.१ टक्के होतं आणि दुसऱ्यात अवघं ०.८ टक्के. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासाने अशा आठ चाचण्यांतल्या १३६७ बायकांची माहिती एकत्र तपासली. फक्त ताज्या चक्राचा हिशेब केला तर एका भ्रूणाने २७ टक्के आणि दोन भ्रूणांनी ४२ टक्के जणींना मूल झालं होतं. हे वाचून कोणताही नवरा ‘दोन सोडा’ असंच म्हणेल. पण नंतरचा गोठवलेला एक भ्रूण धरला की २७ चे ३८ होतात. आणि ज्यांना मूल झालं त्यांच्यात ते पूर्ण दिवसांचं एकटं बाळ असण्याची शक्यता एक भ्रूण घेणाऱ्या बायकांमध्ये कितीतरी जास्त होती. एकाच अभ्यासातून दोन्ही बाजूंना वकील मिळतात, ते या मोजणीमुळे. तिसऱ्या भ्रूणाबद्दल तर वाद उरलेलाच नाही. ब्रिटनमधल्या १,२४,१४८ चक्रांच्या नोंदी तपासून २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की चाळिशीच्या आधी काय किंवा नंतर काय, दोनावर तिसरा भ्रूण सोडून मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही आणि बाळांचा धोका तेवढा वाढतो.

धोका म्हणजे नेमकं काय, हे आम्ही ट्रान्सफरच्या आधी पुरेसं सांगत नाही, असं मला वाटतं. ‘जुळं झालं तर थोडी काळजी घ्यावी लागेल’ एवढ्यावर भागवलं जातं. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. तिळ्यांची प्रसूती सरासरी बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास होते. कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं तयार नसतात, आतड्यांना दूध सोसत नाही, डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढू शकतात आणि त्या वेळीच तपासल्या नाहीत तर दृष्टी जाऊ शकते. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकातल्या जन्मांचा अभ्यास झाला. वर्षभर जगलेल्या दर हजार मुलांमागे सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण एकट्या बाळांमध्ये १.६, जुळ्यांमध्ये ७.३ आणि तिळ्यांमध्ये २८ निघालं. आईचा रक्तदाब, मधुमेह, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आणि सिझेरियन, सगळ्यांचंच प्रमाण वाढतं. तिळं राहिलं तर एका गर्भाच्या हृदयाशी सुई नेऊन पोटॅशियम क्लोराइड सोडायचं, हा गर्भ कमी करण्याचा पर्याय समोर येतो. त्यात बाकीचे गर्भही गमावण्याची भीती असते. वर्षानुवर्षं मुलाची वाट पाहिलेल्या आईला, तीनपैकी कोणाला ठेवायचं नाही, हे ठरवायला लावणं हा माझ्या लेखी या उपचारातला सगळ्यांत क्रूर प्रसंग आहे, आणि तो आम्हीच प्रयोगशाळेत घडवून आणतो. नैसर्गिकपणे राहिलेल्या तिळ्याला कुणी जबाबदार नसतं. कॅथेटरमध्ये तीन भ्रूण भरले जातात, तेव्हा तो निर्णय माणसांनी घेतलेला असतो.

यावर घरोघरी मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: ‘आमच्या नात्यात आयव्हीएफचं जुळं आहे, दोघंही छान आहेत, आणि एकाच खर्चात संसार पूर्ण झाला.’ ही जुळी खरंच छान असतात. बहुसंख्य जुळी सुखरूप वाढतात, हे मी कधीही नाकारणार नाही. ज्यांच्या घरी जुळं आहे त्यांनी हे वाचून मनात अपराधाची भावना आणू नये, अशी माझी कळकळीची इच्छा आहे. पण जी सुखरूप आहेत ती लग्नकार्यात, बारशाला दिसतात. जी अठ्ठावीस आठवड्यांना गेली, त्यांच्याबद्दल घरातही बोललं जात नाही. नात्यातल्या उदाहरणावरून प्रमाण काढता येत नाही ते यामुळे. आणि ‘एकाच खर्चात’ म्हणावं तर एनआयसीयूचं, म्हणजे नवजात अतिदक्षता विभागाचं, बिल दर दिवसाचं असतं आणि पेट्या दोन असतात. जिल्ह्याच्या ठिकाणी सोय नसली तर मोठ्या शहरात राहणं-खाणं, बापाचा बुडालेला रोजगार आणि ओल्या बाळंतिणीची फरफट होते. पुढे एखाद्या मुलाला फिजिओथेरपी लागली तर ती वर्षानुवर्षं चालते. हा खर्च आयव्हीएफच्या बिलावर कधीच छापलेला नसतो.

तरीही पैशाचा आक्षेप मी सगळ्यांत गंभीर मानते, कारण तो खरा आहे. एक भ्रूण न रुजल्यास पुढच्या ट्रान्सफरचे पैसे वेगळे, गोठवण्याचे वेगळे, टाकीत ठेवण्याचं वार्षिक भाडं वेगळं. ज्या कुटुंबाकडे एकाच वेळेपुरती ऐपत आहे, त्याला ‘एक-एक सोडू’ हा सल्ला म्हणजे श्रीमंतांचा सल्ला वाटतो. इथे इतर देशांचा अनुभव उपयोगी पडतो. स्वीडनने २००३ पासून सर्वसाधारणपणे एकच भ्रूण सोडण्याचा नियम केला. काही वर्षांतच आयव्हीएफच्या प्रसूतींमधलं जुळ्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आलं आणि मूल होण्याचं प्रमाण घसरलं नाही. बेल्जियमने त्याच वर्षी सरळ सौदा केला: ४३ व्या वर्षापर्यंत सहा चक्रांचा प्रयोगशाळेचा खर्च सरकार देईल, मात्र ३६ वर्षांखालच्या बाईला पहिल्या चक्रात एकच भ्रूण. नवजात अतिदक्षता विभागात वाचलेल्या पैशांतून चक्रांचा खर्च निघेल, हे त्यामागचं गणित होतं. म्हणजे रुग्ण दोन भ्रूण मागतो तो अज्ञानामुळे कमी आणि आपल्याला पुन्हा संधी मिळणार नाही या भीतीमुळे जास्त. ती भीती दूर केली की आग्रह विरघळतो. आपल्याकडे गोवा मेडिकल कॉलेजात बांबोळीला २०२३ साली मोफत आयव्हीएफ सुरू झालं, तेव्हा मला आनंद झाला तो याच कारणासाठी. जिथे ट्रान्सफरचं बिल रुग्णाच्या खिशातून जात नाही, तिथे एक-एक भ्रूणाचा आग्रह धरण्याचा नैतिक हक्क डॉक्टरला मिळतो. खासगी केंद्रांनीही हे करता येण्यासारखं आहे. बीजं काढणं, गोठवणं आणि नंतरचे दोन ट्रान्सफर मिळून एकच दर सांगावा. दुसऱ्या वेळचे पैसे आधीच भरलेले असले की पहिल्या वेळी दोन भ्रूण मागायला कारणच उरत नाही.

ताजा भ्रूण चांगला आणि गोठवलेला शिळा, ही समजूत अजून बरीच पसरलेली आहे. कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या ‘दुर्गा’ या टेस्ट-ट्यूब बेबीसाठी डॉ. सुभाष मुखर्जी यांनी गोठवलेला भ्रूण वापरल्याचं नोंदवलं होतं. हयातीत त्यांना मान्यता मिळाली नाही, पण गोठवलेल्या भ्रूणाची कल्पना या देशाला परकी नाही. आज जगात गोठवलेल्या भ्रूणांपासून जन्मलेली असंख्य मुलं आहेत. एक खरी उणीव मात्र सांगायला हवी. गोठवलेल्या भ्रूणाच्या चक्रात, विशेषतः गर्भाशयाचं अस्तर केवळ गोळ्यांवर तयार केलेलं असेल तेव्हा, गर्भारपणातल्या वाढीव रक्तदाबाचं प्रमाण काहीसं जास्त आढळतं. बाईची पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्रात ट्रान्सफर करून हा धोका कमी करता येतो. पण जुळ्यांच्या गर्भारपणातही आईचा रक्तदाब वाढतोच, आणि बाकीचे धोके शिवाय.

वयाचा मुद्दा मात्र माझ्या मताला खरोखर मर्यादा घालतो. वय वाढतं तसं गुणसूत्रांत दोष असलेल्या भ्रूणांचं प्रमाण वाढतं. चाळिशीपुढे निम्म्याहून जास्त भ्रूण सदोष असतात. वरच्याच हिशेबात रुजण्याची शक्यता ४० ऐवजी १० टक्के धरली तर दोन भ्रूणांनी शंभरात १९ जणींना दिवस जातील आणि जुळं एकीलाच राहील. अशा बाईला दोन भ्रूण देणं मला रास्त वाटतं. तिच्या हातात वेळही थोडा असतो. मात्र तिने दुसऱ्या तरुण बाईचं बीज घेतलं असेल तर भ्रूणाचं वय त्या बीज देणारीचं असतं. तिथे दोन भ्रूण सोडणं हे पंचेचाळिशीतल्या शरीरावर जुळ्याचं ओझं लादणं आहे, आणि नेमकं हेच आपल्याकडे सर्रास घडतं. गुणसूत्रं तपासून निवडलेल्या भ्रूणाबाबतही तेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तपासलेला एक आणि न तपासलेले दोन यांची तुलना झाली. पुढे टिकलेली गर्भारपणं ६०.७ आणि ६५.१ टक्के, म्हणजे जवळपास सारखी. जुळी मात्र एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला गर्भारपणांच्या निम्म्याहून जास्त. तपासणी महाग आहे आणि सगळ्यांना लागत नाही. पण ती केल्यावर पुन्हा दोन सोडणं मला समजत नाही.

राहिला तो निवडीचा हक्क: बाई सज्ञान आहे, तिला धोका सांगितला, तिने दोन मागितले, मग नाही म्हणणारे आपण कोण? हक्काचा मी आदर करते. परंतु या निवडीचा भार जी बाळं उचलणार आहेत, त्यांची सही संमतिपत्रावर नसते. शिवाय तिची निवड कशी घडते, हेही पाहायला हवं. केंद्रांच्या फलकांवर ‘यशाचं प्रमाण’ लिहिलेलं असतं ते दर ट्रान्सफरमागच्या पॉझिटिव्ह चाचणीचं. एक-एक भ्रूण सोडणारं प्रामाणिक केंद्र त्या फलकावर मागे पडलेलं दिसतं आणि रुग्ण पलीकडच्या गल्लीत जातो. ही स्पर्धा असेपर्यंत निवड मोकळी आहे असं म्हणता येणार नाही. सरकारने एका ठिकाणी ही अडचण ओळखली आहे. २०२२ च्या सरोगसी नियमांनुसार सरोगेट आईच्या गर्भाशयात एका चक्रात एकच भ्रूण सोडायचा आणि केवळ विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. दुसऱ्याचं मूल वाढवणाऱ्या बाईच्या शरीराला जे संरक्षण आपण देतो, ते स्वतःचं मूल वाढवणाऱ्या बाईला न देण्याचं एकही वैद्यकीय कारण मला सापडत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याने राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आहे आणि केंद्रांना माहिती देणं बंधनकारक आहे. त्या नोंदवहीतून प्रत्येक केंद्राचे दोन आकडे लोकांसमोर यावेत, अशी माझी मागणी आहे: बीजं काढलेल्या दर शंभर बायकांमागे ३७ आठवडे पूर्ण करून जन्मलेली एकेकटी बाळं किती, आणि जुळी-तिळी किती. हे आकडे फलकावर लागले, तर ट्रान्सफरच्या दिवशी ‘एक’ म्हणताना आम्हाला इतकं समजावत बसावं लागणार नाही.